निघोज्यातले एक बटण

२४ ऑक्टोबर २०२३, मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. दसरा होता. मी निगडीच्या घराबाहेर स्कूटर धूत होतो. फोन निघोज्याच्या बबनरावांचा होता. त्यांना फार कमी ऐकू येते. फोनवर ते ऐकत नाहीत, फक्त बोलतात.

"सायेब, बटान लागलं न्हाई. ही पडली पहाटं. तुमी या."

एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. मी हात पुसले आणि निघालो.

माझा धंदा वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून आधी तो सांगतो. पिंपरीच्या एका कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत देखभाल विभागात होतो. प्रेस आणि कन्व्हेयर यांच्या नियंत्रण पेट्या हे माझे क्षेत्र. निवृत्त झाल्यावर घरांच्या नियंत्रण पेट्या पाहू लागलो. आमच्या भागात आता बंगल्यांतून आणि मोठ्या फ्लॅटांतून दिवे, पंखे, फाटक, पाण्याचा पंप हे सर्व एका पेटीवरून चालते. पेटी जेवणाच्या डब्याएवढी असते आणि मीटरच्या कपाटात बसते. अडचण अशी की दिवे एका कंपनीचे, फाटकाची मोटार दुसरीची, पंपाचा स्विच तिसरीचा, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. यांतली एकही भाषा पेटीला मुळात येत नाही. प्रत्येक भाषेसाठी एकेक छोटा प्रोग्रॅम पेटीत वरून बसवावा लागतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल हा दुभाषा आहे. तो कामावर नसेल तर दिवा शाबूत, तार शाबूत, पेटीही शाबूत, आणि तरी दिवा लागत नाही.

मालकाच्या मोबाइलवर रंगीत चित्रे दिसतात. ती मालकासाठी. माझे काम काळ्या पडद्यावर चालते. त्याला कन्सोल म्हणतात. लॅपटॉप पेटीला जोडायचा आणि एकेक आदेश टाइप करायचा. यादी मागवली की घरातली सर्व मॉड्यूल्स ओळीने समोर येतात. प्रत्येकापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: चालू, थांबलेले, किंवा नुसते बसवलेले. शेवटची अवस्था फसवी. कामगार गेटातून आत आला, कार्ड पंच केले, पण मशीनवर उभा राहिलेला नाही, असा तो प्रकार. हजेरी भरलेली दिसते आणि उत्पादन होत नाही.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. निगडीच्या प्राधिकरणात राहणारे एक निवृत्त अधिकारी दिसेल ते मॉड्यूल बसवत. समुद्राची भरती सांगणारे, परदेशातल्या रेल्वेगाड्यांच्या वेळा सांगणारे, चंद्राच्या कला मोजणारे. पोर्चमधला दिवा लागायला एवढा वेळ लागू लागला की माणूस चाचपडत आत पोहोचल्यावर तो लागे. मी त्यांना कन्सोलवरची यादी दाखवली.

"यातली चार सोडून बाकीची काढतो."

"काढायची कशाला? फुकट आहेत."

"पेटी दमते."

"दमू द्या की. आम्ही नाही दमलो तीस वर्षं?"

मी काढली नाहीत. मालकाने नाही म्हटले की हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे.

पिंपरीतले सलीमभाई यांच्या अगदी उलट. त्यांचे गॅरेज आणि वरच घर. त्यांच्या पेटीत तीनच मॉड्यूल्स. नवी आवृत्ती आली आहे, बसवू का, असे मी दर खेपेस विचारी. ते गाडीखालून मान बाहेर न काढता विचारीत, "चालतंय ना भाऊ?"

"चालतंय."

"मग चहा घ्या आणि जा. चालत्या गाडीचं बोनेट मी माझ्या बापाला उघडू देत नाही."

माझ्या सर्व गिऱ्हाइकांत सर्वांत कमी तक्रारी त्यांच्या. बाकीचे लोक बिघडले की फोन करतात. वर्षभर बिनबोभाट चालले म्हणून आजवर एकाचाही फोन आलेला नाही. याची सवय होते. उत्साह मात्र कमी होतो.

बबनरावांचे घर यांपैकी कशातच बसत नव्हते. मूळचे निघोज्याचे शेतकरी. जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली, त्या जागी शेड उभ्या राहिल्या, गावात तीन मजली बंगला झाला. मुलगा संदीप चाकणला पत्रे कापण्याचे वर्कशॉप चालवतो. बंगल्यात पेटी त्याने हौसेने बसवली होती. दीड वर्षापूर्वी त्याच्या आईला, पार्वतीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळे होते. मान हलवत, परंतु होय आणि नाही दोन्हीला सारखीच. काय हवे ते घरच्यांनी ओळखायचे.

तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताशी एक बिनतारी बटण दिले. गळ्यातल्या पदकाएवढे, आत नाण्यासारखा सेल. बेल लावून उपयोग नव्हता, कारण शेजारच्या हॉलमध्ये झोपणाऱ्या बबनरावांना ती ऐकू आली नसती. म्हणून बटण दाबले की हॉलमधल्या भिंतीवरचा मोठा दिवा उघडझाप करी. वरच्या मजल्यावर संदीपच्या खोलीतही तसाच एक दिवा होता, पण त्याची झोप गाढ आणि वर्कशॉपची ओढाताण मोठी. खरी भिस्त हॉलमधल्या दिव्यावर. पार्वतीबाईंच्या खोलीत रुग्णालयाची खाट, चाकाची खुर्ची आणि कमोड यांनंतर दुसरी खाट मावत नव्हती, आणि बबनराव दाराबाहेर दिवाणावर झोपत.

तळवडे ओलांडून, इंद्रायणीचा पूल पार करून मी पोहोचलो तेव्हा फाटकावर झेंडूचे तोरण होते. पार्वतीबाई खाटेवर पडून होत्या. कपाळावर पट्टी, डोळ्याखाली काळेनिळे. गावातले डॉक्टर येऊन गेले होते. हाड मोडलेले नव्हते. पहाटे त्यांनी बटण दाबले, कोणी आले नाही, तेव्हा एकट्या उठायला गेल्या आणि पडल्या. पडल्याचा आवाज ऐकायला घरात दोघेच होते. एक वर झोपलेला आणि दुसऱ्याला ऐकू येत नव्हते. दिवसा येणाऱ्या मावशी सणासाठी गावी गेल्या होत्या, आणि सून माहेरी होती, ती निरोप मिळताच यायला निघाली होती.

संदीप हॉलमध्ये उभा होता.

"काका, मी निर्णय घेतलाय. तळेगावला रुग्णसेवा केंद्र आहे, चोवीस तास नर्स असते. बोलणं झालंय. चार वाजता गाडी येईल."

बबनराव त्याच्या ओठांकडे पाहत होते.

"दसऱ्याच्या दिशी घरची लक्ष्मी भाईर काढतूस?"

"आप्पा, सण बघायची वेळ आहे का ही?" संदीप मोठ्याने म्हणाला. "उद्या परत पडली तर?"

"मी हाय की."

"तुम्ही होताच की काल."

बबनरावांना हे ओठांवरून कळले. ते दिवाणावर बसले आणि मला म्हणाले, "सायेब, मी जागाच हुतो वो. रोजच आसतो. झोपलो आन् दिवा पेटला तर दिसायचा कसा? म्हून बघत बसतो. आजबी बघत हुतो. पेटलाच न्हाई."

मग त्यांनी मागितले ते स्पष्ट होते. "तुमी ह्यो नीट करा, आन् ह्याला सांगा, दिवा पेटणार म्हून. मग ती कुठं जात न्हाई."

मी लॅपटॉप काढला.

बटण आधी पाहिले. सेल चांगला होता. मग कन्सोलवर यादी मागवली. दिव्यांचे मॉड्यूल चालू. फाटकाचे चालू. पंपाचे चालू. बटणाचे मॉड्यूल नुसते बसवलेले. मी ते सुरू करण्याचा आदेश दिला. नकार आला. कारणही आले: ज्याच्या आधारावर ते उभे राहते ते दुसरे मॉड्यूल हजर नाही. काही मॉड्यूल्स अशी एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. बटणाची हाक एक छोटा रिसीव्हर पकडतो, तो पेटीच्या एका खाचेत खोचलेला असतो. खालचे मॉड्यूल त्या खाचेवर पहारा देते आणि मिळालेली हाक वरच्याला सांगते. मी खालचे सुरू करायला गेलो. तेही नाही म्हणाले. त्याला नेमून दिलेल्या खाचेत कोणीच नव्हते.

मीटरचे कपाट उघडले. पेटीवर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती. भोवती झेंडूची माळ, समोर सुपारी. रिसीव्हर पलीकडच्या खाचेत होता.

"पूजा कोणी केली?"

"मी," संदीप म्हणाला. "काल खंडेनवमी ना. वर्कशॉपला सगळी मशीनं बंद करून, पुसून पूजा केली. घरी येऊन गाडीची केली. मग म्हटलं, घरात सगळ्यात कामाचं मशीन तर हेच आहे. आईसाठी राबतंय."

आमच्या पट्ट्यात ज्याच्या हाताला हत्यार आहे तो माणूस खंडेनवमीला ते पुसल्याशिवाय राहत नाही. कारखान्यात मीही ती पूजा वर्षानुवर्षे केली. मुख्य स्विच पाडायचा, यंत्र उघडायचे, फडके फिरवायचे, कुंकू लावायचे. प्रेस त्याने बिघडत नाही. पेटी बिघडते. चालू पेटीची वीज एकदम काढली आणि तारा उपसल्या की परत सुरू होताना ती आपली माणसे नव्याने गोळा करते, आणि जो आपल्या जागेवर सापडत नाही त्याला सोडून पुढे जाते. आरडाओरडा करत नाही. या यंत्रांबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. जुना प्रेस बिघडला की अख्ख्या विभागाला कळे.

"परत लावल्यावर तपासलं होतंस?"

"सगळं तपासलं काका. दिवे लागले, फाटक उघडलं, पंप चालला."

"बटण?"

"आई झोपली होती. दाबायला गेलो असतो तर उठली असती."

बबनराव मधल्या बोलण्यातले काही ऐकत नव्हते. "काय म्हनतोय त्यो?" असे त्यांनी मला विचारले. रिसीव्हरची जागा चुकली, एवढे मी त्यांच्या कानाजवळ सांगितले. कोणी चुकवली हे त्यांनी विचारले नाही. माळ त्यांना दिसत होती.

रिसीव्हर मूळ खाचेत बसवला. दोन्ही मॉड्यूल्स रीतसर थांबवली. खालचे सुरू केले आणि त्याच्यापुढे 'चालू' उमटेपर्यंत थांबलो. मग वरचे. हा क्रम उलटा केला तर वरचे पुन्हा अडून बसते. यादी मागवली. दोन्ही चालू. बटणाची हाक आली की कन्सोलवर एक ओळ उमटते, ती पाहावी म्हणून मागे गेलो. आदल्या संध्याकाळपासून कोरे होते. पहाटे त्या बाईंनी बटण किती वेळा दाबले याची नोंद कोठेच नव्हती.

आता चाचणी. मी लॅपटॉप घेऊन पार्वतीबाईंच्या दारात उभा राहिलो.

"वहिनी, एकदा दाबा."

त्यांनी दाबले. कन्सोलवर एक ओळ आली. हॉलमधला दिवा एकदा लागून विझला.

"दोनदा दाबा."

दोन ओळी. दिवा दोनदा.

"तीनदा."

तीन. बबनराव हॉलमधून दिव्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जीव आला. "बघ," ते मुलाला म्हणाले, "पेटतोय का न्हाई?"

"काका," संदीप म्हणाला, "परत असं होणार नाही, असं तुम्ही सांगता? तुम्ही सांगितलंत तर मी गाडी रद्द करतो."

बबनरावांनी माझ्या ओठांवर नजर लावली. आयुष्यभर यंत्रांची जबाबदारी घेतली, सह्या केल्या. ही सही मला करता येत नव्हती. सेल संपू शकतो. वीज जाऊ शकते. पुढच्या वर्षी खंडेनवमी येणारच आहे.

"नाही सांगत," मी म्हणालो.

बबनरावांना शब्द ऐकू आले नसतील, पण ते समजले. खाली पाहू लागले. संदीप फोन काढून बाहेर जाऊ लागला. दोघेही आईबद्दल बोलत होते आणि दीड वर्षात त्यांच्यापैकी कोणालाही तिला विचारता आले नव्हते, कारण तिची मान भरवशाची नव्हती. बोट मात्र भरवशाचे होते. एक म्हटले की एक, तीन म्हटले की तीन. मी आताच पडताळून पाहिले होते.

"थांब जरा," मी संदीपला म्हटले आणि पार्वतीबाईंकडे वळलो. "वहिनी, तळेगावच्या केंद्रात जायचं का? जायचं असेल तर एकदा दाबा. घरीच राहायचं असेल तर दोनदा."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी घाई केली नाही. तेवढ्यात बबनरावांकडे वळून तोच प्रश्न बोटांनी दाखवला.

दिवा एकदा लागला.

आम्ही सगळे दुसऱ्याची वाट पाहत होतो. दुसरा लागला नाही.

बबनराव उठून दारात आले. "परत इचारा. तिला कळलं नसंल."

त्यांचे म्हणणे रास्त होते. एका मोजणीवर कोणी निष्कर्ष काढत नाही. तपासणी खरी करायची तर तारा उलट जोडून पाहायच्या असतात. मी म्हणालो, "आता उलट करू, वहिनी. घरी राहायचं असेल तर एकदा दाबा. जायचं असेल तर दोनदा."

दिवा दोनदा लागला.

संदीपने भिंतीला पाठ टेकली. मागितले ते त्याला मिळाले होते, आणि तो रडू लागला. बबनराव पत्नीच्या खाटेशी गेले, कमोडची खुर्ची बाजूला सारून खाली फरशीवर बसले. त्यांचा आवाज मोठाच असतो, त्यामुळे हॉलमध्ये सर्व ऐकू आले.

"मी रातभर जागतो म्हून व्हय गं? व्हय आसंल तर येकदा दाब."

कन्सोलवर एक ओळ उमटली. बबनराव दिव्याकडे पाठ करून बसले होते. ते मान वळवून मला विचारू लागले, "किती? किती पेटला?"

"एकदा," मी बोट वर करून सांगितले.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं." मग उठून कपाटातून तिची लुगडी काढू लागले.

"केंद्रात गाऊन घालतात आप्पा," संदीप म्हणाला.

"गाऊन त्येंचा त्येंनी घालावा. लुगडी आपली जाऊ द्यात."

गाडी चारच्या आधीच आली. दोन नर्स होत्या, समंजस वाटल्या. पार्वतीबाईंना खुर्चीतून नेताना सुनेने त्यांच्या डाव्या हातात आपट्याचे पान दिले. ते त्यांनी बबनरावांच्या सदऱ्याच्या खिशात खोचले. बबनराव गाडीत पुढे बसले. नर्स म्हणाली, आज एकाला यायला परवानगी आहे, पण रात्री थांबता येणार नाही. ते तिला म्हणाले, "रातीला झोपाया घरी येनार हाय. तिनंच सांगितलंय."

संदीप आपली गाडी घेऊन मागून गेला आणि सात वाजता दोघे परतले. मी थांबलो होतो. घरातली उरलेली मॉड्यूल्स तपासून झाली होती आणि सुनेने दिलेली बासुंदी नाही म्हणता आली नव्हती.

"काका, ते बटणाचं आता काढून टाका," संदीप म्हणाला. "उगाच कशाला."

बबनरावांनी त्याचे ओठ वाचले. "काढू नगा. ऱ्हाऊ द्या."

कन्सोलवर दोन वेगळे आदेश आहेत. एकाने मॉड्यूल काढून टाकता येते. मग त्याची सेटिंग्ज, जोडण्या, कोणता दिवा केव्हा पेटवायचा हे सगळे पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागते. दुसऱ्याने ते फक्त थांबते. जागा, नाव, जोडणी तशीच राहते आणि एका आदेशाने ते उठून उभे राहते. न वापरलेले मॉड्यूल घरात ठेवू नये, अशी माझी शिस्त आहे. मालकाने नाही म्हटले की काढायचे नाही, हीही माझीच शिस्त आहे.

मी वरचे थांबवले, मग खालचे. यादी मागवून पाहिली. दोन्हींपुढे 'थांबलेले' असे उमटले होते. लॅपटॉप मिटला. मग खाटेवर राहिलेले बटण घेतले, लहान पेचकसाने मागचे झाकण उघडले आणि सेल बाहेर काढला, कारण वापरात नसलेल्या बटणात सेल ठेवला तर तो फुगतो आणि आतली पट्टी गंजते. सेल कागदात गुंडाळला, झाकण परत बसवले, आणि दोन्ही वस्तू बबनरावांच्या हातावर ठेवून त्या कोरड्या जागी ठेवायला सांगितल्या.